व्हीपीएन ‘कनेक्टेड’ दाखवते, पण ऑफिसचे फोल्डर उघडत नाही

पत्र : मी पुण्यातील एका कर सल्लागारांच्या कार्यालयात हिशेबाचे काम करते. सासऱ्यांच्या आजारपणामुळे सध्या चिपळूणला राहून घरून काम करते आहे. कार्यालयाने लॅपटॉपवर विंडोजचेच व्हीपीएन (घरून कार्यालयाच्या नेटवर्कशी खासगी जोडणी करून देणारी सोय) एलटूटीपी प्रकाराने लावून दिले आहे. घरच्या फायबर नेटवर ते लगेच जोडले जाते, ‘कनेक्टेड’ असेही दाखवते, पण १९२.१६८.१.१० या पत्त्यावरचे शेअर फोल्डर उघडतच नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून मात्र उघडते, फक्त मोठी एक्सेल फाइल घेतली की अडकते आणि चहाला उठून परत आले की जोडणी तुटलेली असते. माहेरी साताऱ्याला गेले होते तेव्हा तिथल्या नेटवरून जोडणीच झाली नाही, ८०९ असा आकडा आला. आयटी पाहणारे म्हणतात, आमच्याकडे सगळे ठीक आहे. नेटवाले म्हणतात, लाइन उत्तम आहे. दुकानदाराने अँटिव्हायरस बंद करून एखादे फुकटचे व्हीपीएन टाकायला किंवा पीपीटीपी प्रकार निवडायला सांगितले. घरात कोणी म्हणते, व्हीपीएनवर सरकारची बंदी आहे. मी कामाची टाळाटाळ करते, असे साहेबांना वाटू लागले आहे. नक्की काय बिघडले आहे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

पत्र इतक्या बारकाईने लिहिलेत, म्हणून उत्तर नेमके देता येते. कोणत्या नेटवर काय झाले, हे तुम्ही वेगवेगळे नोंदवले आहे आणि त्यावरून दिसते ते असे, की तुमच्यापुढे एक बिघाड नसून तीन निरनिराळे बिघाड आहेत. तिन्हींना ‘व्हीपीएन चालत नाही’ या एकाच नावाने हाक मारल्यामुळे प्रत्येक जण आपापल्या बाजूचे तपासून ‘ठीक आहे’ म्हणतो, आणि त्यांचे म्हणणे खोटेही नाही. त्यामुळे कोणतीही सेटिंग बदलण्याआधी तुमच्या लॅपटॉपवरून निघालेली माहिती नेमकी कुठपर्यंत पोहोचते आणि कुठे थांबते, एवढेच शोधायचे आहे.

घरच्या फायबरपासून सुरुवात करू, कारण रोजचे काम तिथेच अडले आहे. जोडणी होते, याचा अर्थ नावनिशी, पासवर्ड, सामायिक की (दोन्ही बाजूंना दिलेली गुप्त किल्ली), नेटची लाइन आणि पुण्यातील व्हीपीएन सर्व्हर ही सगळी मंडळी आपापले काम करीत आहेत. तरीही फोल्डर उघडत नाही, आणि त्याच लॅपटॉपवर, त्याच पासवर्डने, हॉटस्पॉटवरून मात्र ते उघडते. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, की माझा संशय एकाच जागी येऊन थांबतो : तुमच्या घरातील राउटर आणि पुण्याचे कार्यालय हे दोघेही १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वापरत असावेत.

हे का घडते, ते समजून घेण्यासारखे आहे. घर आणि कार्यालय यांच्या आतल्या वापरासाठी पत्त्यांचे तीन गट राखून ठेवलेले आहेत : १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. १९९६ साली ठरलेल्या या व्यवस्थेनुसार हे पत्ते कोणीही, कोणालाही न विचारता वापरू शकतो, कारण ते घराबाहेरच्या इंटरनेटवर जातच नाहीत. राउटर बनवणाऱ्या कंपन्या मात्र कारखान्यातूनच बहुधा १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ हा गट भरून पाठवतात, आणि बहुतेक घरांत व छोट्या कार्यालयांत तो कधीच बदलला जात नाही. घर आणि कार्यालय यांचा संबंध नसतो तोवर त्याने काहीही बिघडत नाही. व्हीपीएनने दोघांना जोडले, की त्याच क्षणी लॅपटॉपपुढे पेच उभा राहतो. त्याला १९२.१६८.१.१० हा फोल्डरचा सर्व्हर हवा असतो आणि तो स्वतः घरच्या वायफायवर १९२.१६८.१ याच गटात बसलेला असतो. जवळचा, नेमका मार्ग उपलब्ध असताना लांबचा मार्ग घ्यायचा नाही, हा नियमच असल्यामुळे तो सर्व्हरला व्हीपीएनच्या बोगद्यातून पुण्याला शोधायला न जाता तुमच्या दिवाणखान्यातच शोधतो, तो तिथे नसतो, आणि ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ असा संदेश येतो. हॉटस्पॉटवर हा पेच पडत नाही, कारण मोबाइल वेगळा गट देतो. आयफोन १७२.२०.१० चा देतो, अनेक जुने अँड्रॉइड फोन १९२.१६८.४३ चा देत.

माझ्या शब्दावर विसंबू नका, दोन मिनिटांत हे स्वतः पडताळून पाहा. घरच्या वायफायवर असताना व्हीपीएन जोडा, स्टार्ट मेनूत ‘सीएमडी’ शोधून काळी खिडकी उघडा आणि तिच्यात ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, टाइप करा. वायफायच्या भागात ‘आयपीव्ही४ अॅड्रेस’ या ओळीपुढे जो आकडा दिसेल, तो कागदावर लिहून ठेवा. तो १९२.१६८.१ ने सुरू होत असेल, तर निम्मे उत्तर मिळालेच. आता ‘पिंग’ (समोरचे यंत्र उत्तर देते का, हे पाहणारी आज्ञा) लिहून, एक जागा सोडून, सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.१० टाका आणि येणारी ओळ नीट वाचा. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असे उत्तर आले आणि त्या ओळीत उत्तर देणारा म्हणून आत्ताच लिहून ठेवलेला तुमच्या लॅपटॉपचाच आकडा दिसला, तर शंकेला जागा उरत नाही. लॅपटॉपने घरातल्या घरात हाक मारली, कोणी ओ दिली नाही, आणि त्यानेच तुम्हाला तसे कळवले, असा त्या ओळीचा अर्थ आहे. त्याउलट ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आले, तर घाईने निष्कर्ष काढू नका. माहिती बोगद्यातून गेली पण पलीकडून उत्तर आले नाही, असेही असू शकते, आणि काही सर्व्हर तर पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत.

निदान बरोबर ठरले, तर उपाय तुमच्या घरातच आहे. राउटरच्या पानावर जाऊन, म्हणजे ब्राउझरमध्ये बहुधा १९२.१६८.१.१ टाकून, ‘लॅन’ किंवा ‘डीएचसीपी’ या नावाखालची सेटिंग शोधा आणि राउटरचा पत्ता १९२.१६८.७७.१ असा करा. ७७ ला विशेष महत्त्व नाही. सहसा कोणी वापरत नाही असा आकडा हवा, एवढेच. म्हणून ०, १ आणि जिओफायबरच्या राउटरवर आढळणारा २९ टाळावा, आणि कार्यालयाचे व्हीपीएन स्वतःसाठी कोणता गट वाटते तेही आयटीच्या लोकांना एकदा विचारून घ्यावे. उपकरणांना वाटायच्या पत्त्यांची यादीही त्याच ७७ च्या गटात आली आहे ना, हे पाहूनच ‘सेव्ह’ करा. राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होईल आणि त्याचे पान पुढे नव्या पत्त्यावर उघडेल. वायफायचे नाव व पासवर्ड बदलत नाहीत, त्यामुळे घरातले फोन आपोआप जोडले जातात. फक्त प्रिंटर किंवा सीसीटीव्हीसारख्या उपकरणाला कोणी हाताने कायमचा पत्ता दिलेला असेल, तर तो नव्याने द्यावा लागेल.

फायबरच्या डब्याचा पासवर्ड पुष्कळदा नेटवाल्यांकडेच असतो. ‘लाइन पाहून जा’ असे म्हणून त्यांना बोलावू नका, कारण लाइन खरोखरच चांगली आहे. ‘राउटरचा आतला पत्ता १९२.१६८.७७.१ करून द्या’ असे नेमके सांगा. हे काम काही मिनिटांचे आहे. ते करायला तयार नसतील, तर एक साधा वायफाय राउटर विकत घेऊन फायबरच्या डब्यामागे लावावा आणि त्याला ७७ चा गट द्यावा. त्यात एक गोष्ट सांभाळावी लागते. फायबरच्या डब्यातून आलेली वायर नव्या राउटरच्या ‘वॅन’ लिहिलेल्या, बहुधा वेगळ्या रंगाच्या, खाचेतच घालावी. इतर खाचेत घातली तर पत्ते जुनेच मिळत राहतात किंवा दोन्ही राउटर आपापले पत्ते वाटू लागून नवाच गोंधळ होतो. लॅपटॉपमध्ये जुन्या वायफायवर ‘फर्गेट’ करायलाही विसरू नका, नाहीतर तो सवयीने तिकडेच जाऊन बसेल.

आजच्या आजच काम करायचे असेल, तर ‘या एका सर्व्हरसाठी व्हीपीएनचाच मार्ग घे’ अशी सूचना आयटीवाले लॅपटॉपला देऊ शकतात. ही सोय तात्पुरतीच समजावी, कारण लॅपटॉप पुन्हा सुरू झाला, की बहुधा गाडे परत तिथेच येते.

आता हॉटस्पॉटचे पाहू. छोटी फाइल उघडते, मोठी अडकते. म्हणजे वाट सापडते, पण तिच्यातून मोठे नग जात नाहीत. नेटवर माहिती साधारणतः जास्तीत जास्त १५०० बाइटच्या नगांनी जाते. व्हीपीएन म्हणजे भरलेले पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून पाठवणे असल्याने बाहेरच्या पाकिटाची जाडी त्या १५०० मध्येच बसवावी लागते, आणि टपालपेटीची फट तेवढीच राहते. एलटूटीपीची पाकिटे एकावर एक अशी असल्यामुळे ती बरीच जागा खातात. त्यात काही मोबाइल नेटवर्क जुन्या पद्धतीची माहिती नव्या आयपीव्ही६ पद्धतीत बदलून नेतात, तेव्हा पत्त्याचा मजकूरच आणखी २० बाइटने वाढतो. नग मावत नाही असे वाटेतल्या यंत्राने परत कळवावे, ही अपेक्षा असते. पण तो निरोप मध्येच कुठल्यातरी फायरवॉलने (वाहतुकीवर पहारा ठेवणाऱ्या यंत्रणेने) अडवला, तर लॅपटॉप तोच नग पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि तुमच्यासमोर निळे वर्तुळ फिरत राहते.

याचीही चाचणी आहे. हॉटस्पॉटवर व्हीपीएन जोडून त्याच काळ्या खिडकीत पिंगच्या आज्ञेला ‘एफ’ म्हणजे ‘नग फोडू नकोस’ आणि ‘एल’ म्हणजे ‘एवढ्या मापाचा पाठव’ या दोन खुणा प्रत्येकी आडव्या रेघेसह जोडा आणि ‘एल’च्या पुढे १३७२ हे माप द्या. त्यात पत्त्याचे २८ बाइट मिळवले की १४०० होतात, आणि विंडोजची अशी व्हीपीएन जोडणी बहुधा याच मापावर ठेवलेली असते. १३७२ ला उत्तर आले नाही आणि १२०० ला आले, तर दुखणे सापडले. मग दोन्हींच्या मधली मापे घालून सर्वांत मोठा चालणारा आकडा शोधा व तो आयटीवाल्यांना कळवा. त्यांनी तुमच्या व्हीपीएन जोडणीचे एमटीयू, म्हणजे एका नगाचे कमाल माप, त्यानुसार कमी करावे. त्याहून बरे म्हणजे कार्यालयाच्या फायरवॉलवरच एमएसएसची, म्हणजे नगातील मजकुराच्या मापाची, मर्यादा घालावी, म्हणजे घरून काम करणाऱ्या सगळ्यांचाच प्रश्न एकदम मिटेल.

चहाच्या वेळची तूट ही त्या मानाने किरकोळ आहे. लॅपटॉप झोपी जाणे, फोनने बॅटरी वाचवण्यासाठी हॉटस्पॉट बंद करणे, किंवा जोडणी शांत असताना मोबाइल कंपनीच्या यंत्राने तिची नोंद पुसून टाकणे, यांपैकी एक कारण असते. लॅपटॉप चार्जरवर असताना ‘स्लीप’ बंद ठेवा आणि हॉटस्पॉटमधील ‘आपोआप बंद करा’ हा पर्याय काढा. राउटरचा गट बदलून घरचे फायबर मार्गी लागले, की हॉटस्पॉटची गरज वीज गेल्यावरच पडेल.

साताऱ्याचा ८०९ हा याहून वेगळा प्रकार आहे, कारण तिथे जोडणीच झाली नाही. तुमचा लॅपटॉप हाक मारतो पण व्हीपीएन सर्व्हरकडून उत्तरच येत नाही, असा या आकड्याचा अर्थ आहे. एलटूटीपीला यूडीपी या पद्धतीचे ५०० आणि ४५०० हे दोन पोर्ट (माहितीच्या ये-जा करण्याची क्रमांकित दारे) मोकळे लागतात, आणि चिपळूणहून व हॉटस्पॉटवरून जोडणी होते त्या अर्थी पुण्याच्या बाजूला ते मोकळे आहेत. अडथळा साताऱ्याच्या राउटरमध्ये किंवा तिथल्या नेटवाल्यांकडे आहे. माहेरी गेल्यावर मोबाइलचा हॉटस्पॉट वापरावा हे सोपे. वारंवार जाणे होत असेल, तर एसएसटीपी किंवा ओपनव्हीपीएन या व्हीपीएनच्या दुसऱ्या प्रकारांपैकी काही ४४३ या पोर्टवर देता येईल का, असे कार्यालयाला विचारा. सुरक्षित वेबसाइटही त्याच पोर्टवरून चालतात, त्यामुळे तो सहसा कोणी अडवत नाही. हा आकडा ६९१ असता, तर नावात किंवा पासवर्डात चूक आहे, असे मी म्हटले असते. आणि एखाद्या सकाळी सगळ्याच ठिकाणांहून जोडणी एकदम बंद पडली, तर आदल्या रात्री विंडोजचे अपडेट झाले होते का, ते आधी पाहावे. ११ जानेवारी २०२२ च्या अपडेटनंतर असंख्य संगणकांवरील एलटूटीपी जोडण्या अशाच बंद पडल्या होत्या आणि मायक्रोसॉफ्टला १७ जानेवारीला स्वतंत्र दुरुस्ती द्यावी लागली होती.

दुकानदाराचा सल्ला मात्र कृपा करून मानू नका. तुमच्या तिन्ही बिघाडांपैकी एकाचाही अँटिव्हायरसशी संबंध दिसत नाही. फुकटचे व्हीपीएन टाकल्याने पत्त्यांचा पेच सुटत नाही. उलट दोन व्हीपीएन मार्गासाठी एकमेकांशी भांडू लागतात, आणि ज्या लॅपटॉपवर अशिलांचे पॅन क्रमांक, बँकेचे उतारे व विवरणपत्रे आहेत, त्याची सगळी वाहतूक एका अनोळखी कंपनीच्या हातून जाऊ लागते. पीपीटीपीबद्दल तर मला अधिक काळजी वाटते, कारण ते पुष्कळदा चटकन जोडले जाते आणि म्हणूनच लोकांना आवडते. त्याचे कुलूप फार पूर्वीच मोडलेले आहे. अॅपलने २०१६ मध्ये आयओएस १० आणि मॅकओएस सिएरामधून ते काढूनच टाकले. दुसऱ्यांच्या पैशांचे कागद त्यातून पाठवणे योग्य नाही.

बंदीविषयी घरच्यांना निश्चिंत करा. भारतात व्हीपीएन वापरण्यावर देशव्यापी बंदी नाही. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन सेवा विकणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला, त्यावरून काही परदेशी कंपन्यांनी आपले भारतातील सर्व्हर हलवले, आणि तेव्हापासून ‘बंदी’चा समज पसरला असावा. कार्यालयांच्या स्वतःच्या व्हीपीएनला तो आदेश लागू नाही, हे त्याच वर्षी अधिकृत प्रश्नोत्तरांत स्पष्ट केले गेले. जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत स्थानिक प्रशासनाने तात्पुरती मनाई केल्याची उदाहरणे आहेत. चिपळूणहून पुण्याच्या कार्यालयाचे काम करण्याशी त्याचा संबंध नाही.

राहता राहिला साहेबांचा गैरसमज. तो ‘नेट चालत नव्हते’ या वाक्याने वाढतो आणि नेमक्या नोंदीने कमी होतो, असे मला मनापासून वाटते. कारण साहेबांना तुमची अडचण दिसत नाही, फक्त उशीर दिसतो. तेव्हा वरच्या चाचण्या झाल्या, की आयटी विभागाला ईमेल करून त्याची प्रत साहेबांना पाठवा. मजकूर साधारण असा ठेवता येईल :

“माझ्या घरच्या वायफायवर लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१ या गटातील आहे आणि आपला सर्व्हरही त्याच गटात आहे. व्हीपीएन जोडलेले असताना सर्व्हरला पिंग केल्यास माझ्याच लॅपटॉपच्या पत्त्यावरून ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असे उत्तर येते. सोबत छायाचित्र जोडले आहे. मी घरच्या राउटरचा गट बदलून घेत आहे. नवा गट १९२.१६८.७७ असेल, तो आपल्या व्हीपीएनच्या गटाशी जुळत नाही ना, हे कृपया कळवावे. हॉटस्पॉटवर अमुक मापापेक्षा मोठा नग जात नाही, त्यासाठी एमटीयू किंवा एमएसएस पाहावे. साताऱ्याहून ८०९ आला होता. ४४३ पोर्टवरचा पर्याय देता येईल का?”

‘अमुक’च्या जागी तुम्हाला सापडलेला आकडा घाला. याच ईमेलमध्ये आणखी एक विनंती अवश्य जोडा : कार्यालयाने सवडीने, एखाद्या सुट्टीच्या दिवशी, स्वतःचाच गट १९२.१६८.१ वरून दुसऱ्या, कमी वापरातल्या गटावर न्यावा. सर्व्हर, प्रिंटर, हजेरीचे यंत्र, कॅमेरे अशा सगळ्यांचे पत्ते बदलावे लागत असल्याने ते काम एका दिवसाचे तरी आहे आणि म्हणूनच ते मागे पडत असणार. पण तसे केले नाही, तर घरून काम करू पाहणाऱ्या पुढच्या प्रत्येक सहकाऱ्याच्या घरी हाच राउटर असण्याची शक्यता मोठी आहे. गट बदलूनही फोल्डर उघडले नाही आणि पिंगला ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत राहिले, तर व्हीपीएनवरून येणाऱ्यांना त्या सर्व्हरपर्यंत पोहोचू देणारा नियम कार्यालयाच्या फायरवॉलवर आहे का, हे त्यांनीच पाहायचे आहे. तेव्हा मला पुन्हा लिहा आणि पिंगची पूर्ण ओळ जशीच्या तशी पाठवा.